मक्याच्या सालीची बाहुली

सोळाव्या वर्षी मी चेटकीण होते. पूर्णवेळ नव्हे, शाळा आणि गणिताची ट्यूशन सांभाळून, जमेल तशी. माझं चेटकिणीचं नाव होतं सिल्व्हर रेवन. रेवन म्हणजे डोमकावळा, आणि तो मी जन्मात पाहिला नव्हता. यिशुन उपनगरात आमच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, समोरच्या झाडांवर संध्याकाळी कलकलाट असायचा तो साळुंक्यांचा, तेव्हा खरं तर मी सिल्व्हर साळुंकी व्हायला हवी होते. पण साळुंकीला कोण घाबरणार? आणि लोकांनी आपल्याला थोडं तरी घाबरावं अशी माझी फार इच्छा होती. ती इच्छा पुरी झाली. फक्त लोक भलत्याच बाईला घाबरले, आणि त्याचा संताप आज माझ्या हातात काठी आली तरी उतरलेला नाही. काठी असल्यामुळे उलट जरा वाढलाच आहे.

हा धर्म मला एका ब्लॉगवर सापडला होता. कुठल्याशा थंड देशातली एक बाई तो लिहायची. वर्ष म्हणजे एक चाक, त्याला आठ आरे, प्रत्येक आऱ्यावर एक सण: कधी रात्र सर्वांत मोठी म्हणून, कधी बर्फ वितळला म्हणून, कधी पहिलं पीक हाती आलं म्हणून. वाचताना माझ्या अंगावर काटा यायचा. अडचण एवढीच होती की मी राहत होते विषुववृत्तावर. तिथं बारा महिने सूर्य सातला उगवायचा, सातला मावळायचा आणि मधल्या वेळात घाम काढायचा. पण श्रद्धा म्हणजे श्रद्धा. थंडीच्या सणाला मी एसी सोळावर ठेवून, स्वेटर घालून, सूर्य परत येण्याची वाट पाहत बसले. तो सातला आला. बर्फ वितळण्याच्या सणाला फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे ओट्यावर ठेवला आणि तो वितळेपर्यंत त्याच्याकडे भक्तिभावानं बघत राहिले. वसंताच्या सणाला अंडी रंगवली, तर आईनं संध्याकाळी त्यांची रस्साभाजी केली. "रंग खायचा होता ना गं?" एवढंच तिनं विचारलं. आई सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायची. घरी आल्यावर आणखी चुका शोधायची तिला हौस नव्हती.

बाबांची गोष्ट वेगळी. बाबा एका प्रयोगशाळेत संशोधक होते आणि आमच्या घरात देव्हारा नव्हता. बैठकीच्या खोलीत बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्याशेजारी बाबांची पुस्तकं, बस्स. बाबा शांत माणूस. पण एका बाबतीत त्यांचा आवाज चढायचा. शाळेतल्या मैत्रिणीनं दिलेला काळा दोरा मी एकदा मनगटाला बांधून आले, तर त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री आणून तो कापला. "या घरात गंडा-दोरा, अंगारा, उतारा, काही येणार नाही," म्हणाले. का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मी सरळ वहीत लिहून ठेवलं की माझा धार्मिक छळ होत आहे. ती वही अजून माझ्याकडे आहे. मी ती नातीला वाचून दाखवते आणि आम्ही दोघी पोट धरून हसतो. तिला वाटतं आजीनं विनोदी लिहिलंय.

त्या वर्षी आत्या आली. बाबांची थोरली बहीण, त्यांच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठी, भंडाऱ्याकडच्या गावातून विमानात पहिल्यांदाच बसलेली. तीन महिन्यांसाठी. लहान चणीची, पांढऱ्या केसांची बारीकशी वेणी, पायात बाबांचे मोजे, कारण फरशी गार लागायची. ती आली आणि घराचे आवाजच बदलले. पहाटे लसूण ठेचल्याचा आवाज, मग भाकरी थापल्याचा. ज्वारीचं पीठ तिनं सामानातून आणलं होतं, विमानतळावर त्यासाठी वाद घालून. तिचा झुणका खाताना आमच्या सगळ्यांच्या नाकातून पाणी यायचं आणि कोणी बोलायचं नाही. जेवण झालं की ती कॉरिडॉरमध्ये, चपलांच्या रॅकशेजारी स्टूल टाकून बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला निवांत न्याहाळायची. समोरच्या चिनी आजोबांशी तिची मैत्री झाली. ते त्यांच्या भाषेत बोलायचे, ही हिच्या. "काय म्हणतात हो ते?" आईनं विचारलं, तर म्हणाली, "गुडघे दुखतात म्हणते."

सातव्या मजल्यावर मंजिरीकाकू राहायच्या. पुण्याच्या, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, गोड बोलणाऱ्या, सगळ्यांच्या वाढदिवसाला डबा पाठवणाऱ्या. त्यांची पाच वर्षांची इरा आत्याच्या स्टुलाशी येऊन बसायची आणि आत्या तिला हाताची फुगडी शिकवायची. ते काकूंनी पाहिलं. मराठी बायकांची मंगळागौर व्हायची होती, जुरोंग ईस्टच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये. "आत्या, आमच्यात कुणालाच धड फुगडी येत नाही हो. सगळ्या व्हिडिओ बघून नाचतात. तुम्ही पुढे उभं राहून शिकवाल?" आत्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "मी? पुढं?" म्हणाली. काकू म्हणाल्या, "मग कोण? तुम्हीच."

त्या रात्री तिनं बॅगेच्या तळातून हिरवं पातळ काढलं. दुसऱ्या दिवशी मला इस्त्री करायला लावलं, मग पुन्हा स्वतः केली. जेवताना मधेच थांबून बोटांवर गाणी मोजायची. आई मला हळूच म्हणाली, "ताईंना असं कधी कोणी बोलावलेलं नाही." मी 'हो का' म्हटलं आणि फोनवर माझा ब्लॉग वाचत राहिले. माझं लक्ष माझ्या सणाकडे होतं.

सण होता पहिल्या पिकाचा, ऑगस्टच्या पहिल्या दिवशी. त्याला पाव भाजायचा असतो हे मी आत्याला सांगितलं, कारण ओव्हन लावायला मला भीती वाटायची. ती म्हणाली, "पण पोरी, कोणाचं वावर कापलं?"

"कोणाचंच नाही. असंच. सुगीचा सण आहे."

"या दिवसात सुगी? या दिवसात तं निंदण असते वं. चिखलात कंबर मोडते. सुगी कुठून आली?"

"त्यांच्याकडे असते."

"मंग त्याईले करू दे," म्हणाली. पण कणीक मळून दिली.

बाहुलीचं मात्र मी तिला सांगितलं नाही. बाबांमुळे कोणालाच सांगितलं नव्हतं. पिकातल्या देवीसाठी धान्याच्या काडाची बाहुली करायची असते. काड नव्हतं, म्हणून मी बाजारात मक्याच्या कणसांची साल मागितली. भाजीवाले अंकल म्हणाले, "स्किन फॉर व्हॉट, गर्ल? कॅनॉट ईट वन." मी गूढ हसले. घरी येऊन साल ओली करून दुमडली, लाल दोऱ्यानं मान आणि कंबर बांधली. घागरा सुटत होता म्हणून आईच्या साडीच्या तीन पिना टोचल्या, एक पोटात, दोन छातीशी. ब्लॉगवर लिहिलं होतं की घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या स्त्रीचं काहीतरी देवीला द्यावं, तिच्या ज्ञानाचा मान म्हणून. मी आत्याच्या फणीतले पांढरे केस काढले आणि बाहुलीच्या डोक्याला गुंडाळले. सोबत सफरचंद हवं होतं. ते नव्हतं, म्हणून लिंबू ठेवलं. भोवती मिठाची रेघ. हे सगळं बुटांच्या खोक्यात मांडून खोकं पलंगाखाली सारलं. मला ते इतकं सुंदर दिसलं होतं की मी त्याचे चार फोटो काढले.

मराठी वाचणाऱ्या कोणाही माणसाला, मी नुसती यादी सांगितली तरी, मी काय करून ठेवलं होतं ते कळलं असेल. मला कळलं नाही. माझ्या अकलेबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. झाडू आडवा पडलेला, खोकं रिकामं, आणि पलंगापाशी आत्या जमिनीवर बसलेली. तिच्या पदरात काहीतरी गुंडाळलेलं होतं. चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा. तिनं मला हाताला धरून खाली ओढलं आणि कुजबुजली, "कोणी पायलं का?"

"काय?"

"हे. कोणी पायलं का तुले करताना? कोणाले सांगितलं का?"

माझा सण उधळला गेला एवढंच मला दिसत होतं. "आत्या, दे ते इकडे!" मी ओरडले. ती उठली आणि मोजे घातलेल्या पायांनी, चपला न घालता, थेट लिफ्टकडे गेली.

चिनी लोकांचा सातवा महिना चालू होता. त्या महिन्यात ते आपल्या मेलेल्या माणसांसाठी कागदी नोटा, कागदी कपडे जाळतात. प्रत्येक ब्लॉकखाली लोखंडी पिंप ठेवलेलं असतं आणि दिवसभर हवेत राख तरंगते. गवताच्या कडेला संत्री, भात, उदबत्त्या. पिंपापाशी समोरचे आजोबा नोटा टाकत होते. आत्या त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि पदरातलं सोडू लागली. मी धावत पोचले आणि किंचाळले. काय किंचाळले तेही आठवतं, दुर्दैवानं. "यू आर सो सुपरस्टिशस! अंधश्रद्धाळू आहेस तू!"

हे मी म्हणाले. मी. तिला.

त्याच वेळी मंजिरीकाकू इराला घेऊन खेळाच्या मैदानातून येत होत्या. त्यांना दिसलं ते असं: पिंपात पडणारी बाहुली, तिच्या अंगात पिना, डोक्याला पांढरे केस, मागोमाग एक लिंबू. आणि पदर झटकणारी आत्या. इरा "आजी!" म्हणून पुढे निघाली, तर काकूंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. आजोबा शांतपणे आणखी एक नोटांची चळत आगीत टाकत होते. उघडउघड भुतांना जेवू घालणारा अख्खा ब्लॉक आजूबाजूला, आणि भीती वाटली ती मोजे घातलेल्या एका म्हातारीची.

त्या रात्री बाबांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ताई लग्नानंतर दोन वर्षांत विधवा झाली. एकटी राहायची, मजुरी करायची, आणि कोणी काही बोललं तर उलट बोलायची. गावातल्या एका मोठ्या घरातलं पोर तापानं गेलं. दुसऱ्या दिवशी ताईच्या दाराशी गवताची बाहुली निघाली. सुया टोचलेली, केस गुंडाळलेली, लिंबू. तीच उचलून लोक तिच्या घरात शिरले. "त्या दिवसापर्यंत ताईचे केस कमरेपर्यंत होते," बाबा म्हणाले. "मी दहा वर्षांचा होतो. तिची ट्रंक घेऊन मी तिच्यासोबत माहेरी चालत आलो. मीच धरली होती, कारण तिच्या हातांना…" मग ते चष्मा पुसत राहिले. स्वयंपाकघरात आत्या भांडी लावत होती, नेहमीपेक्षा हळू, आवाज न करता.

मला वाटतं, खोक्यात स्वतःचे केस पाहूनही तिला आपल्यावर कोणी काही केलंय असं क्षणभरही वाटलं नसेल. ती घाबरली ती माझ्यासाठी. हे पाहिल्यावर लोक पोरीचं काय करतील, म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. आईचे हात कणकेत होते, तिनं स्पीकर लावला. "अगं, मंगळागौरीचं जरा… आत्यांना कशाला त्रास द्यायचा? गर्दी फार होणारेय. आणि इराला काल रात्रीपासून ताप आहे. नाही नाही, तसं काही नाही गं, आम्ही कोणी तसलं मानत नाही! पण सासूबाई आल्यात ना, त्यांच्या मनात उगीच…" आईनं कणकेच्या हातानंच फोन बंद केला. आत्या दारात उभी होती. ती आत गेली, खुंटीवरचं हिरवं पातळ काढलं, घडी घातली, बॅगेच्या तळाशी ठेवलं आणि बाबांना म्हणाली, "माह्यं तिकीट बदलून दे. घरी जातो मी."

मी लिफ्टनं सातव्या मजल्यावर गेले. वाटेत तीन मजले मी एक शाप तयार केला, चांगला यमक जुळवून. दार काकूंनीच उघडलं. मागे सोफ्यावर इरा कार्टून बघत बिस्किट खात होती. ताप उतरला होता. शाप कुठल्या कुठे गेला आणि मी भडाभडा बोलत सुटले. बाहुली मी केली. पिना आईच्या, केस मी आत्याच्या फणीतून चोरले. तो माझा सण होता. मी दोन वर्षं विच आहे. आत्या फक्त ते जाळत होती. ताप आला असेल तर माझ्यामुळे आला, मला बोलावू नका, तिला बोलवा.

काकूंचा चेहरा उजळला. "अगं, तू होय! ते विक्का का काय ते? किती क्यूट! माझ्या भाचीचंही चालू असतं, क्रिस्टल्स, टॅरो. आणि मी काय काय समजले!" हसून त्यांनी माझ्या गालाला हात लावला. "आणि ताप तुझ्यामुळे? वेडी कुठली. तुला काय येतंय?"

"मग आत्यामुळे कसा येईल?"

"अगं, तसं नाही." काकूंनी आवाज खाली आणला, अगदी प्रेमानं. "त्या गावाकडच्या ना. त्यांच्यातलं वेगळं असतं. त्यांना खरंच येत असतं."

इतकी वर्षं झाली. माणसं मला विचारतात, तुझा स्वभाव असा तापट का. त्याचं उत्तर त्या दारात आहे. तीच साल, त्याच पिना, तेच लिंबू. माझ्या हातात क्यूट, तिच्या हातात करणी. माझी बाहुली इंग्रजीतून आली होती ना. आणि सांगणारी बाई वाईट नव्हती हो. वाईट असती तर मी तेव्हाच विसरले असते. तिनं मला निघताना चकल्या दिल्या. आणि मी, तो शाप विसरलेली सिल्व्हर रेवन, त्या घेऊन "थँक यू, काकू" म्हणाले. त्यातली एक लिफ्टमध्ये खाल्लीसुद्धा. खुसखुशीत होती. तोही राग आहेच.

"सगळ्यांना सांगते मी, गंमत झाली म्हणून. आत्यांना घेऊन या मंगळवारी," काकूंचा निरोप होता. मी तो आत्याला सांगितला. ती तांदूळ निवडत होती. "नाई येत," म्हणाली. "आज गंमत झाली म्हणून बलावते. उद्या पुन्हा कोणाचं पोर शिंकलं तं?" मग मी तिच्या पायाशी बसले आणि माफी मागायला लागले, तर तिनं ताट माझ्या मांडीवर सरकवलं. "रडाचं असंन तं रड, पण खडे काहाड."

सोमवारी सकाळी तिनं मला उठवलं. "जाय, कणसं आण. सालीसकट."

भाजीवाल्या अंकलनी या वेळी नुसतीच मान हलवली. आत्यानं स्टूल सोडून फरशीवर बैठक मारली. साल पाण्यात टाकली, चिरून पट्ट्या केल्या आणि तिच्या बोटांतून बाहुली निघाली ती मला नीट दिसायच्या आतच. पीन नाही, दोरा नाही. सालीचीच गाठ, सालीचाच पदर, मक्याच्या केसांची तपकिरी वेणी, थेट कमरेपर्यंत. "लहानपणी हेच खेळणं होतं," म्हणाली. "दुसरं कोण देते आमाले? जोंधळ्याच्या, मक्याच्या, कायच्याबी करू." बाहुली घेऊन ती उठली, दार उघडलं आणि चपलांच्या रॅकवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला समोरच दिसेल अशी, टेकून उभी केली.

आता घाबरायची पाळी माझी होती. "आत्या, कोणी पाहील!"

"पाहू दे. तवा त्याईनं आणून ठेवली होती माह्या दाराशी. आता मी ठेवतो."

बाबा संध्याकाळी आले. रॅकपाशी बूट काढायला वाकले आणि वाकलेलेच राहिले बराच वेळ. आत येऊन त्यांनी विचारलं, "ताई, तिकीट बदलायचं?" आत्या म्हणाली, "आधी भाकर खाय." तिकीट बदललं नाही. ती ठरलेल्या दिवशीच गेली, एक दिवस आधी नाही.

बुधवारी मंजिरीकाकू मंगळागौरीच्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या. आत्या तिच्या स्टुलावर होती. इरा आईच्या पुढे पळत आली आणि रॅकपाशी थांबली. "सो नाइस! आजी, कॅन आय हॅव?" काकूंनी बाहुली पाहिली. डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला, मोकळा हात इराच्या दंडाकडे निघाला. मी दारात उभी होते. मला तो हात अजून दिसतो, अंगठ्या आणि मंगळागौरीची मेंदी. आत्यालाही दिसला. ती उठली नाही. बाहुली उचलून तिनं मांडीवर ठेवली, मोठ्यानं, सगळा कॉरिडॉर ऐकेल असं बोलली.

"मी केली. माह्या हातानं. तुमच्या पोरीले पायजे का?"

समोरच्या दारातून चिनी आजोबा डोकावले. काकूंचा हात तिथंच थांबला होता, इराच्या दंडापासून वीतभर. आत्या त्या हाताकडेच पाहत राहिली. बाहुली पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. मग काकूंनी तो हात खाली घेतला.

"घे, इरा," म्हणाल्या. "दोन्ही हातांनी घे."

मला मात्र तिनं कधीच करून दिली नाही. "तुह्या हाताले काय झालं?" म्हणायची. म्हणून मी दर वर्षी स्वतः करते, ऑगस्टच्या पहिल्या दिवशी, कोणाचंही वावर कापलेलं नसताना. माझी अजून तिच्यासारखी होत नाही, घागरा सुटतोच. पण पीन लावत नाही, आणि ठेवते दाराबाहेर.